कचऱ्यातली सुई बोटात घुसली. एचआयव्ही रक्तातून नेमका कसा जातो?

अंत्रुजकरीण | सोमवार, सकाळी १०.१०

नमस्कार मंडळी. घाईत लिहितेय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

आमच्या फोंडा तालुक्यातल्या पंचायतीत सुका कचरा वेगळा करायचे काम आमचा बचतगट बघतो. आज सकाळी शेडमध्ये पिशव्या रिकाम्या करताना आमच्यातल्या एका बाईच्या उजव्या तर्जनीत सुई घुसली. हातात मोजा होता, पण कापडी, बागकामाचा. सुई इन्सुलिनच्या सिरिंजची होती, नारिंगी टोपण शेजारीच पडले होते. बोटातून थेंबभर रक्त आले. तिने पटकन बोट तोंडात घातले, मी हात धरून खाली ओढला.

त्यानंतर जो तो आपापले सांगू लागला. गाडीचा चालक म्हणाला, "गेली ही, एड्स होणार." एकीने लिंबू चोळायला आणले. एक जण म्हणतोय बोट दाबून दाबून सगळे रक्त काढा. आणि सगळ्यात वाईट म्हणजे ही पिशवी कोणत्या घरातली ते शोधायला दोघे निघाले. वाड्यावर कोण दर महिन्याला बांबोळीच्या सरकारी इस्पितळात एचआयव्हीच्या गोळ्या आणायला जातो, याची कुजबूजही सुरू झाली.

ती बाई गप्प बसून आहे. तिचे धाकटे मूल अजून अंगावर पिते. मला फक्त एवढेच विचारलेन, "आता त्याला पाजू का नको?"

सुईतून खरेच होतो का? कुठे न्यायचे? कोणाची सुई ते शोधणे गरजेचे आहे का? जाणकारांनी लवकर सांगा.

---

वैद्य_सत्तरी | सोमवार, सकाळी १०.१८

बाई, फोन ठेवा आणि निघा. बाकीचे नंतर वाचा.

आधी वाहत्या पाण्याखाली साबणाने बोट धुवा. दाबू नका, पिळू नका. लिंबू, स्पिरिट, डेटॉल, ब्लीच काही चोळू नका, त्याने जखमेची आग होते आणि कातडी आणखी उघडी पडते. मग फोंड्याच्या सरकारी इस्पितळाच्या कॅज्युअल्टीत जा, नाहीतर सरळ बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात). तिथे स्पष्ट सांगा, "सुई टोचली आहे, पीईपीबद्दल विचारायचे आहे." पीईपी म्हणजे संपर्कानंतर लागण रोखण्यासाठी घ्यायची औषधे. द्यायचीच ठरली तर पहिला डोस जितका लवकर तितका चांगला, दोन तासांत मिळाला तर उत्तम. ७२ तास उलटले की त्याचा उपयोग धरत नाहीत.

सुई हातात घेऊन इस्पितळात जाऊ नका. सुईची तपासणी करत नाहीत, दुसऱ्याला टोचेल तेवढे मात्र होईल. जाड प्लास्टिकच्या बाटलीत टाकून झाकण घट्ट लावा.

बाळाला पाजण्याचा निर्णय तिथले डॉक्टर तिच्याशी बोलून देतील. "मी अंगावर पाजते" हे त्यांना न विसरता सांगायचे. घरी बसून कोणाच्या सांगण्यावरून दूध तोडू नका.

---

अंत्रुजकरीण | सोमवार, सकाळी १०.२१

निघालो. देव बरें करूं.

---

मांडवीकाठ | सोमवार, सकाळी ११.०५

इस्पितळाचे ठीक आहे, पण मुळाशी जायला हवे. त्या वाड्यावर कोण पॉझिटिव्ह आहे ते पंचायतीने शोधून त्याची तपासणी करून घ्यावी. एका माणसाची लाज जपायची की पन्नास कामगारांचा जीव? मी काही वाईट बुद्धीने म्हणत नाही, पण आरोग्याचा प्रश्न आहे.

---

निवृत्त_रक्तपेढी | सोमवार, दुपारी १२.१०

मी रक्तपेढीत तंत्रज्ञ होते. उभी नोकरी दुसऱ्यांचे रक्त हाताळण्यात गेली, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. मांडवीकाठ यांचे उत्तरही त्यात येईल.

एचआयव्हीला आपल्या शरीरात वाढायला ठरावीक पेशी लागतात. रक्तातल्या काही पांढऱ्या पेशींच्या अंगावर सीडी४ नावाची खूण असते. तिला चिकटून हा विषाणू आत शिरतो आणि तिथेच स्वतःच्या प्रती काढतो. धड कातडीचा वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो, तिथे त्याला शिरकाव नाही. म्हणून न कापलेल्या हातावर पॉझिटिव्ह माणसाचे रक्त सांडले तर साबणाने धुवायचे, एवढेच. लागण व्हायची तर रक्तात जिवंत विषाणू पुरेसे हवेत, ते रक्त फार सुकलेले नको आणि त्याला आतल्या रक्तापर्यंत वाट मिळायला हवी. यातले एक जरी नसले तरी लागण होत नाही.

आता आकडे, कारण भीती आकड्यांशिवाय फुगते. दूषित रक्ताची अख्खी पिशवी चढवली तर दहांतल्या नऊ जणांना लागण होते. म्हणूनच आपल्याकडे दात्याच्या प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, हेपॅटायटिस बी आणि सी (रक्तातून जाणाऱ्या काविळी), सिफिलिस आणि मलेरियासाठी तपासणी होते, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६च्या निकालानंतर १९९८ पासून पैसे घेऊन रक्त विकणे बंद झाले. नशा करणाऱ्यांनी एकच सिरिंज आळीपाळीने वापरली तर दर हजार वेळांमागे सहाच्या आसपास. पॉझिटिव्ह रुग्णाच्या अंगातून काढलेली सुई लगेच नर्सला टोचली तर हजारात तीन. रक्त डोळ्यात किंवा तोंडात उडाले तर हजारात एकाहून कमी.

हजारात तीन हा आकडा सगळ्या प्रकारच्या सुयांची सरासरी आहे, आणि इथेच खरा फरक कळतो. १९९७ साली इस्पितळातल्या कर्मचाऱ्यांवरचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. सुई खोल गेली असेल, तिच्यावर रक्त डोळ्यांना दिसत असेल, ती रुग्णाच्या शिरेत किंवा धमनीत घातलेली असेल, किंवा रुग्ण आजाराच्या शेवटच्या टप्प्यात असेल, तर धोका कितीतरी पट वाढतो, असे त्यात दिसले. आणि टोचल्यावर झिडोव्हुडिन हे औषध घेणाऱ्यांत लागण सुमारे ८१ टक्क्यांनी कमी आढळली. आज दिली जाणारी औषधे त्याहून पुष्कळ चांगली आहेत.

या कसोट्या इन्सुलिनच्या सुईला लावून बघा. केसासारखी बारीक, आतली पोकळी नावाला. ती शिरेत जात नाही, पोटाच्या किंवा मांडीच्या कातडीखालच्या चरबीत जाते. तिच्यात रक्त आलेच तर अगदी किंचित. मग ती पिशवीत दिवसभर, दोन दिवस पडून राहते. रक्त सुकले की विषाणूची लागण करण्याची ताकद काही तासांतच बहुतेक संपते. बंद सिरिंजच्या आत रक्त ओले राहिले तर तो पुष्कळ दिवस तग धरू शकतो, हे प्रयोगशाळेत दिसले आहे. म्हणून "काही होत नाही, जा घरी" असे मी कोणालाच म्हणणार नाही. पण कचऱ्यात किंवा रस्त्यावर पडलेल्या सुईतून एचआयव्ही झाल्याच्या पक्क्या नोंदी वैद्यकीय साहित्यात शोधून सापडत नाहीत. इतका हा धोका लहान आहे.

मला काळजी वेगळीच वाटते. हेपॅटायटिस बी सुक्या रक्तात निदान आठवडाभर टिकतो, आणि लस न घेतलेल्या माणसाला अशा सुईने तो होण्याची शक्यता एचआयव्हीच्या कितीतरी पट आहे. इस्पितळाच्या सुईचा हिशोब धरला तर शंभरात सहापासून तीसपर्यंत. त्याला लस आहे, तीन डोसांची, आणि टोचल्यावर लगेच सुरू केली तरी उपयोगी पडते. कचरा वेगळा करणाऱ्या किती बायकांनी ती घेतलीय? गाडीचा चालक एड्स एड्स म्हणून ओरडला, कावीळ हा शब्द कोणाच्या तोंडी आला नाही.

मांडवीकाठ, आता तुमचे. ज्याचा संशय घेताय तो माणूस महिन्याच्या महिन्याला गोळ्या घेतो असे लोकच म्हणतात. नियमित गोळ्या घेणाऱ्याच्या रक्तात विषाणू इतका कमी होतो की तपासणीतही सापडत नाही. समजा सुई त्याचीच असली, तरी गावातला सगळ्यात कमी धोक्याचा पॉझिटिव्ह माणूस तोच. आणि ज्याला स्वतःलाच आपल्या आजाराचा पत्ता नाही, तो तुमच्या कुजबुजीत येणारच नाही.

---

मांडवीकाठ | सोमवार, दुपारी १२.४०

गोळ्यांचा मुद्दा माहीत नव्हता. पण मग सुई कोणाची ते कळल्याशिवाय डॉक्टर औषध कसे ठरवणार?

---

वैद्य_सत्तरी | सोमवार, दुपारी १.१५

इस्पितळात नर्सला सुई टोचली आणि रुग्ण समोर असला तर त्याच्या संमतीने तपासणी करतात. तरी रिपोर्टसाठी औषध थांबवत नाहीत, नंतर गरज नाही असे ठरले तर बंद करता येते. कचऱ्यातल्या सुईत मूळ माणूस माहीत नाही असेच धरून चालायचे. जखम किती खोल, सिरिंजमध्ये रक्त दिसत होते का, सुई किती जुनी वाटते, आणि टोचलेल्या व्यक्तीची आजची तपासणी, एवढ्यावर डॉक्टर ठरवतात. औषध द्यायचे ठरले तर तीन औषधे एकाच गोळीत असतात, टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राव्हिर. रोज एक, २८ दिवस, एकही न चुकवता. पहिले काही दिवस मळमळ, डोकेदुखी होऊ शकते, म्हणून मनाने सोडायची नाही.

त्यानंतर सहा आठवडे, तीन महिने आणि सहा महिन्यांनी पुन्हा रक्त तपासतात. आजची तपासणी निगेटिव्ह आली याचा अर्थ आधीपासून लागण नव्हती एवढाच. विषाणू शिरला तरी तपासणीत दिसायला काही आठवडे जातात. या काळात रक्तदान करायचे नाही आणि नवरा-बायकोने निरोध वापरायचा.

---

म्हापशेकार | सोमवार, दुपारी २.३०

"पंचायतीने शोधून काढावे" हे वाचून राहवले नाही. हे आपल्या गोव्यात एकदा झालेले आहे.

१९८९ साल. डॉमिनिक डिसोझा हा पर्रा गावचा तरुण नियमित रक्तदान करायचा. दिलेल्या रक्ताच्या तपासणीत एचआयव्ही निघाला. त्याला बाजूला घेऊन कोणी नीट समजावले नाही. पोलिसांनी ताब्यात घेतले आणि क्षयरोग्यांसाठीच्या एका जुन्या इमारतीत त्याला एकट्याला कोंडून ठेवले. तब्बल ६४ दिवस. गुन्हा काही नव्हता. गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात तशी तरतूदच होती. त्याची आई लुसी डिसोझा हायकोर्टात गेल्या. तो सुटला, पण कोर्टाने ती तरतूद मात्र वैध ठरवली. सुटल्यावर नोकरीही गेली. तरी तो घरात लपला नाही, उघडपणे बोलत राहिला, आणि 'पॉझिटिव्ह पीपल' या संस्थेचा पाया घातला. १९९२ मध्ये तो वारला.

निवृत्त_रक्तपेढी यांनी जे सांगितले त्या उजेडात ही गोष्ट बघा. तपासणीत सापडलेली पिशवी वापरायची नाही, इथेच लोकांचे रक्षण झाले होते. पुढच्या ६४ दिवसांत गोव्यात एकाही माणसाला त्याच्यापासून वाचवायची गरज नव्हती. तो कोणाच्या शेजारी बसला, कोणाच्या ताटात जेवला तरी काही होणार नव्हते. पण ज्यांनी ते बघितले त्यांनी काय धडा घेतला असेल? तपासणीच करायची नको. तपासणी टाळली की गोळ्या नाहीत, आणि गोळ्या नाहीत म्हणजे रक्तात विषाणू भरपूर. कोंडून घालण्याने रोग असा वाढतो.

तुमच्या वाड्यावरच्या त्या माणसाचे नाव आज चव्हाट्यावर आले तर पुढच्या महिन्यात तो बांबोळीला जाईल का, याचा विचार करा.

---

कुशावती_वकील | सोमवार, दुपारी ३.०५

म्हापशेकार यांच्याशी पूर्ण सहमत. कायद्याचे थोडक्यात: एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ साली झाला, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. माहिती देऊन घेतलेल्या संमतीशिवाय कोणाची एचआयव्ही तपासणी करता येत नाही. कोणाचा आजार परस्पर जाहीर करता येत नाही. एचआयव्हीवरून कामावरून काढता येत नाही. पंचायतीला असा काही हक्क नाही.

---

अंत्रुजकरीण | सोमवार, संध्याकाळी ६.२०

परत आलो. सगळे प्रतिसाद तिला वाचून दाखवले. तिला कन्नड चांगले येते, मराठी कळते पण वाचता येत नाही, म्हणून थांबून थांबून सांगितले.

इस्पितळात नीट बघितले. समुपदेशकाने आधी तिला एकटीला आत बोलावले, मला बाहेर बसवले. बरे केले. धनुर्वाताचे इंजेक्शन आणि हेपॅटायटिस बीच्या लसीचा पहिला डोस झाला. एचआयव्हीची गोळी सुरू केली की नाही आणि तपासणीत काय आले ते मी इथे लिहीत नाही, ती तिची खासगी गोष्ट आहे. बाळाच्या दुधाबद्दल डॉक्टर तिच्याशी सावकाश बोलले. बाहेर आली तेव्हा चेहरा सकाळसारखा नव्हता. रिक्षातून येताना वडापाव मागून खाल्लान.

पिशव्यांची घरे शोधायला निघालेल्या दोघांना मी थांबवलेय. पण नवीन कटकट उभी राहिली आहे. काम देणाऱ्याचे म्हणणे, रिपोर्ट येईस्तोवर तिला शेडमध्ये घेऊ नका, सगळे एकाच माठातले पाणी पितात.

---

निवृत्त_रक्तपेढी | सोमवार, संध्याकाळी ६.४५

तिला उद्यापासून कामावर घ्या. पाणी, भांडी, संडास, हात मिळवणे, खोकला, घाम यांतून एचआयव्ही जात नाही. थुंकीत तो लागण होण्याइतका नसतो. रक्त, वीर्य, योनीस्राव आणि आईचे दूध, यांच्या पलीकडे रोजच्या वागण्यात भिण्यासारखे काही नाही. तिला घरी बसवून माठ काही सुरक्षित होणार नाही.

---

कुशावती_वकील | सोमवार, संध्याकाळी ७.००

आणि काम देणाऱ्याला उलट विचारा, कापडी मोजे का? ज्या कामात रक्ताशी संपर्क येण्याचा मोठा धोका आहे तिथे काळजीची साधने, त्यांचे प्रशिक्षण आणि पीईपी पुरवणे ही आस्थापनेची जबाबदारी म्हणून त्याच २०१७च्या कायद्यात सांगितली आहे. प्रामुख्याने आरोग्यसेवेसाठी असले तरी तेवढ्यापुरते नाही. बोलताना हा मुद्दा वापरा.

---

मैदानावरचा | सोमवार, रात्री ८.१०

धाग्याशी थोडे अवांतर. आमच्या मुलांच्या फुटबॉल सामन्यात काल दोघांची डोकी आपटली, एकाच्या भुवईतून रक्ताची धार. दुसऱ्याच्या जर्सीवर रक्त लागले. पालक घाबरले. आणि टॅटूचे काय? मुलगा बागा किनाऱ्यावर जाऊन काढून आलाय. सलूनमधला वस्तरा? डास?

---

वैद्य_सत्तरी | सोमवार, रात्री ९.००

जर्सीवरच्या रक्ताने काही होत नाही. बदलायची आणि धुवायची. रक्त वाहणाऱ्या खेळाडूला ते थांबेपर्यंत बाहेर काढायचे हा फुटबॉलचा नियमच आहे, तो पाळा. पट्टी बांधणाऱ्याने रबरी हातमोजे घालावेत. जमिनीवर सांडलेल्या रक्तावर ब्लीचिंगचे पाणी ओतून पुसावे.

टॅटूत सुई कातडीत शेकडो वेळा जाते, म्हणून सुई आपल्यासमोर नव्या पाकिटातून काढलेली हवी. आणि शाईसुद्धा. शाईची वाटी प्रत्येक गिऱ्हाइकाला वेगळी हवी, हे बहुतेक जण विसरतात. कळंगुट-बागा पट्ट्यात चांगले कलाकार हे आपणहून दाखवतात. जो दाखवायला कुरकुरतो तिथून उठायचे. इथेही भीती हेपॅटायटिसची जास्त.

सलूनमध्ये नवे ब्लेड मागा. डासातून होत नाही, विषाणू डासाच्या पोटात पचून जातो आणि डास चावताना आधीच्या माणसाचे रक्त आपल्यात सोडत नाही. फळांत रक्त टोचल्याचे जे मेसेज व्हॉट्सअॅपवर फिरतात ते पुढे पाठवू नका.

---

इन्सुलिनवाला | मंगळवार, सकाळी ७.३०

काल रात्री धागा वाचला आणि झोप लागली नाही. मी रोज दोन वेळा इन्सुलिन घेतो. सुया टिश्यूत गुंडाळून सुक्या कचऱ्यात टाकतो, सगळेच तसे करतात. शुगर बघायच्या लॅन्सेटही त्यातच. नेमके काय करायला हवे ते कोणी सांगाल का?

---

निवृत्त_रक्तपेढी | मंगळवार, सकाळी ८.१५

फिनेल किंवा कपडे धुण्याच्या लिक्विडची जाड प्लास्टिकची रिकामी बाटली घ्या. पाण्याची बाटली नको, सुई तिच्यातून आरपार येते. टोचून झाले की सुई वाकवायची नाही, तोडायची नाही, सरळ बाटलीत सोडायची. बाटली पाऊण भरली की झाकण लावून त्यावर चिकटपट्टी गुंडाळा. बाहेर लाल रंगाने सुईचे मोठे चित्र काढा. अक्षरांपेक्षा चित्र बरे, कचरा उचलणाऱ्या सगळ्यांना मराठी किंवा कोंकणी वाचता येतेच असे नाही.

कचऱ्याच्या गाडीवर देताना हातात द्या आणि तोंडाने सांगा. सुक्या कचऱ्याच्या पिशवीत ती बाटली टाकलीत तर शेडमध्ये कोणीतरी ती रिकामी समजून उघडेल.

---

मांडवीकाठ | मंगळवार, सकाळी ९.२०

पण पंचायत ही बाटली वेगळी घेते का? आमच्याकडे फक्त ओला आणि सुका, दोनच वार ठरलेत.

---

कुशावती_वकील | मंगळवार, सकाळी १०.००

२०१६च्या घनकचरा नियमांत घरगुती घातक कचरा हा तिसरा प्रकार होता. वापरलेल्या सुया आणि सिरिंजा, जुनी औषधे, बॅटऱ्या, ट्यूबलाइट त्यात नावानिशी लिहिल्या होत्या आणि त्या वेगळ्या द्यायच्या होत्या. तुमच्याकडे तिसरा वार नसेल तर मागा. ग्रामसभेत लेखी ठराव द्या, नुसते तोंडी बोललात तर इतिवृत्तात येत नाही.

---

अंत्रुजकरीण | मंगळवार, रात्री ९.४०

ती आज कामावर आली. माठाजवळ दोघी जणी जरा घुटमळल्या, मग गटातल्या सगळ्यात म्हाताऱ्या आजीने तिच्याच पेल्यातून पाणी प्यायले. पुढे काही बोलणे झाले नाही.

रविवारी ग्रामसभा आहे. ठरावाचा मसुदा असा लिहिलाय: महिन्यातून एक वार सुया, औषधे आणि काचेसाठी, कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला जाड रबरी हातमोजे आणि चिमटे, सगळ्यांना हेपॅटायटिस बीच्या लसीचे तिन्ही डोस, खर्च पंचायतीचा, शेडच्या भिंतीवर सुई टोचल्यास काय करायचे ते चित्रांसह, आणि १०९७ ही एड्स हेल्पलाइन. कालच्या घटनेचा, वाड्याचा, कोणाच्या नावाचा उल्लेख ठरावात कुठेही नाही.

काही राहिले असेल तर सुचवा. अनुमोदक अजून मिळालेला नाही.

---

वैद्य_सत्तरी | मंगळवार, रात्री १०.०५

लसीच्या तिसऱ्या डोसाची तारीख ठरावातच घाला. पहिल्यानंतर एका महिन्याने दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा. तिसरा हमखास राहून जातो.

---

इन्सुलिनवाला | मंगळवार, रात्री १०.३०

मी तुमच्याच पंचायतीतला आहे. अनुमोदन मी देतो. बाटली घेऊनच येतो.